उभ्या दगडाचं देणं

कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून नोकरी करताना मी आयुष्यभर दगड रोवत आलो. हद्दीचे दगड, उंचीच्या खुणेचे दगड, साखळी जिथे वळते तिथले कोपऱ्याचे दगड. प्रत्येकावर आकडा असायचा आणि तोच आकडा माझ्या फील्डबुकात असायचा. दगड आणि वही यांची गाठ सुटली की दगड कामातून गेला, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. त्यामुळे ज्या दगडांवर काही लिहिलेलं नाही, ज्यांची कुठल्याच वहीत नोंद नाही, आणि तरीही ज्यांना हात लावायला कोणी धजत नाही, त्या दगडांनी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं.

माजरी हे दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचं जंक्शन. इथून वणीकडे फाटा फुटतो. तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर. काळी कापसाची जमीन, जवळून वर्धा नदी, आणि पायाखाली कोळसा. गावाच्या कुठल्याही टोकाला उभं राहिलं तरी ओबीचे ढिगारे दिसतात, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेले डोंगर. आमचा कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूशास्त्राने एकोणिसाव्या शतकात गोंडवाना हे नाव दिलं, इथल्या गोंडांच्या मुलखावरून. पुढे त्याच नावाने एक अख्खा प्राचीन भूखंड जगभर ओळखला जाऊ लागला. ज्यांच्या नावावर एवढी जमीन पुस्तकात चढली, त्यांची पुरण्याची जागा मात्र प्रत्यक्षात नाल्याकाठच्या दोन-अडीच एकरांत मावते.

अशीच एक जागा मला खाणीच्या कामासाठी मोजायची होती. जवळच्या एका गावाबाहेर, पांदणीच्या शेवटी, पळसाच्या झुडपांत गोंडांचं मोक्षधाम होतं. आमच्या नकाशात तिथे स्मशानाची एक ठरावीक खूण होती, बाकी काही नाही. प्रत्यक्षात तिथे बरेच दगड उभे होते. काही गुडघ्याएवढे, काही छातीला लागतील एवढे. वरचं टोक कुणी घडवलेलं नव्हतं. शेंदूर फार थोड्यांना होता. सोबत गावातले एक वृद्ध होते. ते एकेका दगडाला हात लावत सांगत गेले.

"हा माह्या आज्याचा. थो तिकडचा आज्याच्या भावाचा. त्याच्या पल्याडचे हे चार कोनाचे, थे माहीत नाई."

मी विचारलं, "माहीत नाही, तर ते काढले तर चालतील का, बाबाजी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायेब, माहीत नाई म्हून कोनाचेच नाई, असं कसं म्हनता?"

या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो, आणि फार मूलभूत वाटतो. मेलेल्या माणसाशी जिवंत माणसाचं जे नातं असतं, ते नावावर टिकून असतं का? चेहरा विसरला, नाव गेलं, वंशावळीचा धागा तुटला, तरी काही देणं उरतं का? आणि उरत असेल, तर ते कुणाचं, कुणाला?

माझ्या सवयीप्रमाणे मी आधी मोजमाप केलं. त्या चार अनामिक दगडांपैकी सर्वांत मोठा जमिनीवर चार फूट होता, दोन फूट रुंद, दहा इंच जाड. असा दगड उभा राहायचा तर दोन फूट तरी जमिनीत हवा. दगड वालुकाश्माचा. हिशेब केला तर वजन सहा क्विंटलच्या घरात जातं. आसपासच्या काळ्या जमिनीत असा दगड मिळत नाही, तो खडक उघडा पडलेल्या ठिकाणाहूनच आणावा लागतो. बंडीवर घातला तरी चढवायला आणि उतरवायला आठ-दहा माणसं लागणार, खड्डा खणायला आणखी. म्हणजे एका माणसासाठी निम्मं गाव एक दिवस कामाला लागलं असणार. त्या दिवसाची मजुरी कुणी मागितली नसणार. दगडावर नाव नाही, पण एवढा मजकूर त्याच्यावर आहेच, आणि तो वाचायला लिपी लागत नाही.

आमच्याच जिल्ह्याच्या शहरात याच्या नेमकी उलट गोष्ट बघायला मिळते. चंद्रपुरात अचलेश्वर दरवाज्याजवळ, झरपट नदीच्या बाजूला गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यांत मोठी आणि डौलदार समाधी बिरशहाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची राणी हिराई हिने ती बांधून घेतली. महाकालीचं मंदिरही तिचंच काम मानतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं लोटतात. समाधीकडे त्यांतले थोडेच वळतात. पण जो वळेल त्याला सांगणारा कोणीतरी भेटतो, ही बिरशहाची, ही हिराईने बांधली. आसपासच्या लहान समाध्यांजवळ उभं राहून विचारा, लोक अंदाज सांगतात. राजघराण्याच्या कबरस्तानातसुद्धा दोन-तीनशे वर्षांत नावं गळून जातात. उरतो तो चुना आणि दगड. हिराईसारखी कोणी मागे असेल आणि तिच्या हाती राज्य असेल, तर एखादं नाव टिकतं. बाकी राजेही अखेरीस आमच्या नाल्याकाठच्या चार दगडांच्या रांगेत येऊन उभे राहतात.

आणि याच्याही मागे गेलं तर नाव हा मुद्दाच संपतो. नागपूरजवळ, काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी आहे. तिथे माळरानावर शिलावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. काळ्या बसाल्टचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले आणि मध्ये मुरूम-दगडांची भर. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये यांच्यावर लिहिलं. काही धोंड्यांवर ओळीने खोदलेले वाटीसारखे खळगे त्याला दिसले होते. त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न तेव्हापासून चालू आहे. काहींनी त्यांचा संबंध सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या दिशांशी जोडून पाहिला आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड ही ठिकाणं खणली. विदर्भातली ही माणसं साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३०० या काळातली. त्यांना लोखंड काढता येत होतं, नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. माहुरझरीच्या वर्तुळांत माणसासोबत घोडा पुरलेला आढळला, त्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार आढळले. कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याच्या घंटा, मणी, काळी-तांबडी मडकी. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही चिमूर तालुक्यात हिरापूरला मोठ्या शिळा टेकवून, वर शिळेचंच झाकण ठेवून केलेली बांधणी आहे.

जुनापाणीला उभं राहिलं की सर्व्हेअरच्या डोक्यात वजनाचे हिशेब सुरू होतात. एका घनमीटर बसाल्टचं वजन तीन टनांना थोडं कमी. वर्तुळातला मध्यम धोंडाही एकट्या-दुकट्याचा नाही. पण वजनापेक्षा मोठं कोडं दुसरंच आहे. अशा पुष्कळ वर्तुळांत पूर्ण सांगाडा सापडत नाही. थोडी हाडं सापडतात, कधी ती दुसरीकडून वेचून आणून ठेवलेली असतात, कधी हाडं जवळजवळ नसतातच आणि वस्तू मात्र नीट रचलेल्या असतात. म्हणजे देह आधी कुठेतरी संपला होता आणि दगडांचं वर्तुळ नंतर झालं. मेलेल्याची दुर्गंधी येऊ नये किंवा कोल्ह्या-तरसांनी उकरू नये, एवढ्यासाठी कोणी एवढे धोंडे वाहत नाही. देह गेल्यावर, शोकाची पहिली लाट ओसरल्यावर, शांत डोक्याने ही माणसं पुन्हा एकत्र जमली आणि त्यांनी हे अवजड काम हाती घेतलं. म्हणजे मृत्यूनंतरचं एक काम त्यांच्या लेखी शिल्लक होतं.

हे काम अजूनही शिल्लक आहे असं मानणारे लोक आमच्या शेजारच्या गडचिरोलीत राहतात. आलापल्लीवरून भामरागडकडे जाताना जंगलाच्या रस्त्याला लागून माडिया गोंडांचे मृतांचे दगड दिसतात. चपट्या शिळा उभ्या केलेल्या, काही ठिकाणी रांगेने, काही ठिकाणी लाकडी खांब. सीमेपलीकडे बस्तरमध्येही हीच रीत आहे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलं, पुढे व्हेरिअर एल्विन यांनी तिथल्या अंत्यविधींवर लिहिलं. अंत्यविधी एकदा होतो आणि दगड सोयीने, नंतर उभा राहतो. कारण दगडाच्या दिवशी गावाला जेवण घालावं लागतं आणि त्यासाठी धान्य साठावं लागतं. दगड शोधायला, आणायला, उभा करायला गोतातली माणसं लागतात. मृत माणूस समाधानी असेल तर त्याचा दगड वाढतो, असाही एक समज आहे.

दगड वाढत नाही, हे मला मोजपट्टीने दाखवता येईल. पण त्या समजात मला एक फार मोठी गोष्ट दिसते. दगड वाढला की नाही हे कळायला कोणीतरी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन बघितलं पाहिजे. रस्त्याने जाताना थांबलं पाहिजे. मेलेल्या बापाचं समाधान हा जिवंत मुलाच्या काळजीचा विषय राहिला पाहिजे. माझ्या पोटात अन्न आहे, पण त्याचं काही राहिलं तर नाही ना, असं स्वतःला विचारत राहणं, याला मी श्रद्धा म्हणतो. दगड हे त्या विचारपुशीचं ठिकाण आहे.

इथे माझ्याच घरातून आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आम्ही कुणबी, जाळणारे. आमच्याकडे देह म्हणजे जुनं वस्त्र. आत्म्याने ते टाकलं, आता त्यात काही नाही. राख वढ्याला नेतात. तिथे वर्धा आणि पैनगंगेचा संगम आहे आणि विदर्भातले लोक त्याला मोठ्या भक्तीने मानतात. राख पाण्यात सोडली की मागे काही ठेवायचं नाही. जो गेला त्याला जाऊ द्यायचं. खूण ठेवली तर तो अडकेल, आणि आपणही अडकू. या विचारात मोकळेपणा आहे, आणि मी त्यातच वाढलो. मग दगड रोवून मेलेल्याला खुंटवणाऱ्यांचं मी का कौतुक करावं?

वडील गेले तेव्हा मी मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरलो. प्रत्येक फेरीला मागच्या माणसाने मडक्याला दगडाने भोक पाडलं. मडकं मागे टाकून फोडलं. तो दगड मात्र टाकला नाही. भटजींनी तो माझ्या हातात दिला. तो जीवखडा. पुढचे दिवस त्या बोटभर दगडासाठी आमचं सगळं घर जागं होतं. त्याच्यावर तिलांजली, त्याच्यापुढे पिंड. तो हरवू नये म्हणून आई रात्री उठून बघून यायची. वडील सिगारेटच्या चांदीत बांधून ठेवलेली पावतीसुद्धा हरवायचे आणि आई त्यांना बोलायची. तीच आई आता त्या खड्याला कापडात गुंडाळून, तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवून पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. दहाव्याला कावळा शिवला, सगळ्यांनी दगडावर तेल घातलं आणि तो पाण्यात सोडला.

म्हणजे जाळणाऱ्यांनाही दगड लागतोच. सर्वांत मोकळा विचार मांडणाऱ्या धर्मालाही, घरातलं माणूस गेल्या दिवशी, हाती धरायला काही तरी जड द्यावं लागतं. आमचा दगड दहा दिवसांचा आणि माडियाचा दगड पिढ्यांचा, एवढाच फरक. दहा दिवस आम्हीही मानतो की गेलेला माणूस तहानलेला आहे, त्याचं काही राहिलं आहे, आणि ते पुरवायचं काम आपलं आहे. या दहा दिवसांत आम्ही माडियाच असतो. अकराव्या दिवशी आम्ही तत्त्वज्ञानाकडे परत येतो.

आणि पुरण्याची, दगड ठेवण्याची रीत आमच्या धर्माच्या बाहेरची आहे, असंही नाही. लिंगायत पुरतात, महानुभाव पुरतात, गोसावी आणि नाथपंथी समाधी देतात. खेड्यात तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात आणि वर दगड ठेवतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली आणि वारकऱ्यांचं अर्धं जग त्या जागेभोवती फिरतं. पण मला या बाबतीत सर्वांत जवळचा वाटतो तो चोखोबा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेली कामकरी माणसं तिच्याखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होता. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावली, आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून पंढरपूरला आणली. महाद्वारी त्याची समाधी झाली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकतो. वय वाढलं तसा मी ढिगाऱ्यातल्या बाकीच्या हाडांचा विचार करू लागलो. त्यांचीही घरं होती. कुणाच्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला नाही, कारण ती माणसं संत नव्हती, फक्त मजूर होती. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला ढिगाऱ्याखालच्या मजुरांचा विसर पडणं शक्य नाही. नामदेवांनी जे केलं ते प्रेमाचं शिखर आहे, मित्राला त्यांनी हाडांवरून ओळखलं. पण ओळखण्यावर थांबणारं प्रेम धर्माला पुरत नाही. ज्यांना कोणी ओळखू शकत नाही, त्यांच्यासाठी काय, हे धर्माला सांगता आलं पाहिजे.

आमच्या परंपरेने ते सांगितलं आहे, आणि अगदी व्यवहारी पद्धतीने सांगितलं आहे. भाद्रपदाच्या अमावास्येला सर्वपित्री म्हणतात. ज्याच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध त्या दिवशी. तर्पण करताना आधी बाप, आजा, पणजा नाव आणि गोत्र घेऊन होतात. पण तिथे थांबत नाहीत. ज्यांना पुत्र नाही, ज्यांना कोणी पाणी देणारं नाही, ज्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात. नावं फार तर तीन पिढ्या चालतात, हे ही रीत घालणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. त्यामुळे देणं नावाला बांधून ठेवण्याची चूक त्यांनी केली नाही. पितृऋण म्हणताना ते खातेदाराचं नाव मागत नाहीत.

नाल्याकाठच्या त्या वृद्धाने मला हेच विचारलं होतं, सर्वपित्री अमावास्या त्यांच्या घरात पाळली जात असो वा नसो. नाव माहीत नाही म्हणून देणं संपलं, असं मी कसं म्हणतो?

आता आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो जिवंतांच्या बाजूचा आहे. प्रत्येक मेलेल्याला कायमची जागा दिली तर जित्यांनी पेरायचं कुठे? माझ्या नोकरीत मी हा प्रश्न रोज बघितला. खाणीने शेती खाल्ली, खाणीने पगारही दिला, आणि माझी मुलं त्याच पगारावर शिकली. दगड पवित्र म्हणून जमिनीला हातच लावायचा नाही, असं मी म्हणू शकत नाही. जुनापाणीच्या लोकांनीही जगण्यासाठी जमीन खणलीच होती, लोखंड त्याशिवाय निघत नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर माजरीहून फार दूर नाही. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आमटे गेले. त्यांना जाळलं नाही, त्यांच्या इच्छेप्रमाणे मातीत ठेवलं. लाकूड जाळायचं नाही, देह जमिनीच्या कामी आला पाहिजे, हा त्यामागचा विचार. २०११ मध्ये साधनाताई गेल्या, त्याही तिथेच, त्यांच्या शेजारी. आनंदवनात अशा अनेकांना मातीत ठेवलं आहे, ज्यांना त्यांच्या गावाने कुष्ठरोगी म्हणून जिवंतपणीच मेलेलं धरलं होतं आणि ज्यांच्या घरचं कोणी माती द्यायला आलं नाही. जिथे माणूस ठेवला तिथे झाड लावतात. जागा अडत नाही, ती उपयोगी पडते. आणि स्मृतीला राखणदार लागतो, झाडाला पाणी घालणारा. मला हे उत्तर मोठं वाटतं, कारण त्यात मृताचं देणंही फिटतं आणि जित्याचा घासही जात नाही.

पण झाड मरतं, आणि दगड मरत नाही. दगडाचा उपयोग काहीच नाही, हेच त्याचं बळ आहे. झाडाखाली माणूस सावलीसाठी बसतो, दगडासमोर तो फक्त त्या दुसऱ्या माणसासाठी उभा राहतो. यहुद्यांच्या धर्मग्रंथात एक प्रसंग आहे. यार्देन नदी ओलांडताना यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणायला सांगितलं आणि पलीकडे रचून ठेवले. पुढे मुलं विचारतील, हे दगड कशाचे, तेव्हा त्यांना सांगता यावं म्हणून. दगड उत्तर देत नाही, तो मुलांकडून प्रश्न विचारून घेतो. घाटावरच्या वीरगळाचं आणि सतीशिळेचं काम तेच, भामरागडच्या शिळेचं तेच. ज्या गावात मुलांनी असे प्रश्न विचारणं बंद होतं, तिथे मोठ्यांना काही सांगायची वेळ येत नाही, आणि सांगायची वेळ आली नाही की मोठेही हळूहळू विसरतात.

या सगळ्यावरून मी एक मत बनवलं आहे आणि ते मी सांगतो. उभ्या दगडात मृत माणूस राहत नाही. तो तिथे आहे असं मानून मी हात जोडत नाही. दगडात राहतं ते जिवंतांनी पत्करलेलं काम. आम्ही तुला वाहून आणलं, आमच्या पोटाला चिमटा काढून गावाला जेवू घातलं, आमच्यानंतर जे येतील तेही तुझ्याजवळ थांबतील, असा तो शब्द आहे. शब्द कुणाला दिला हे विसरलं तरी शब्द दिला गेला आहे, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो. अनामिक दगडासमोर हा शब्द सर्वांत शुद्ध असतो. आजोबाच्या दगडापुढे मी वाकतो त्यात माझं घराणं आहे, माझा अभिमान आहे, वाटणीतला शेताचा तुकडाही आहे. अनोळखी दगडापुढे वाकण्यात माझा काहीच फायदा नाही. तिथे उरतं ते निव्वळ देणं.

म्हणून खाणीसाठी गाव उठतं तेव्हा त्या गावाच्या मृतांचं काय करायचं, हा प्रश्न भरपाईच्या रकान्यात सुटणारा नाही, असं मला वाटतं. देवळाचं ठीक असतं. देवाला विधीपूर्वक उचलतात, नव्या वसाहतीत मंदिर बांधतात, प्राणप्रतिष्ठा करतात, पोथीत त्याचं सगळं सांगितलेलं आहे. मोक्षधामाच्या उभ्या दगडांसाठी पोथी नाही. त्यामुळे ते मशिनच्या वाट्याला येतात, आणि एकदा डंपरमध्ये गेले की ओबीच्या डोंगरात कुठला दगड कुठला, हे कोणीच सांगू शकत नाही.

त्या गावात मला जे करता आलं ते मी केलं. मोक्षधामातला प्रत्येक दगड मोजला, त्याची जागा अक्षांश-रेखांशासह वेगळ्या कागदावर मांडली, ज्यांचं नाव कळलं त्यांचं लिहिलं. ज्यांचं कळलं नाही त्यांच्यापुढे रेघ मारली नाही, "गावाचा" असं लिहिलं. तो कागद मी गावाला दिला. गावाने पुढे ठरवलं की दगड मशिनने हलवायचे नाहीत. ज्याचा दगड त्याच्या घरच्यांनी उचलायचा, आणि ज्यांचं कोणी ठाऊक नाही ते दगड सगळ्या गावाने मिळून उचलायचे, आधी तेच. मी या निर्णयात काही सुचवलं नव्हतं. "आधी तेच" हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

धर्माची परीक्षा कुठे होते असं मला कोणी विचारलं, तर मी या दोन शब्दांकडे बोट दाखवीन. आपल्या माणसाचं करणं हे रक्ताचं ओढणं आहे, ते जनावरांतही थोडंफार दिसतं. ज्याचं नाव गेलं, ज्याच्याकडून आशीर्वादाचीही अपेक्षा नाही, त्याचा सहा क्विंटलचा भार आधी खांद्यावर घ्यायचा, हे माणसाला शिकावं लागतं. तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भाच्या माळावर कोणीतरी ते शिकलं होतं, तेव्हा इथे ना आमचे ग्रंथ होते ना आमची देवळं. आज आमच्या जिल्ह्यात कोळसा निघतो, शेजारच्या सुरजागडच्या डोंगरात लोखंड निघतं, आणि ते निघत राहील. जमीन हलेल, गावं हलतील. पण ज्या नकाशावर खाणीची हद्द आखली जाते, त्याच नकाशावर प्रत्येक उभ्या दगडाची खूण असली पाहिजे, आणि हद्दीचा पहिला खुंट ठोकण्याआधी गावाला विचारलं पाहिजे की यांना कोण उचलणार. हे काम सर्व्हेअरचं आहे, तहसीलदाराचं आहे, आणि त्या गावाच्या कोळशावर ज्याच्या घरी दिवा लागतो, त्या प्रत्येकाचं आहे.